तीन पावसाळ्यांची आल

गिरजामायला 'झालं का?' असं विचारलेलं अजिबात खपायचं नाही. विचारणारा पाटील असो की कचेरीतला कारकून, ती हातातलं काम न सोडता वर बघायची आणि म्हणायची, "झालं असतं तं म्याच हाक मारली असती ना बाप्पा! तू काहून आला?" की पुन्हा मान खाली. मी तिचा शेजारी, रोज तिच्या भट्टीचा धूर खाणारा, तरी मलाही सूट नव्हती. एकदा 'झालं का?'च्या ऐवजी मी 'होत आलं का?' असं विचारून पाहिलं. तिनं मला नदीवरून दोन हंडे पाणी आणायला लावलं.

अकोल्यात मोर्णेच्या घाटाच्या खालच्या अंगाला तिचं घर होतं. मी जातीचा माळी. आमची वांग्या-मेथीची वाडी तिच्या घराला लागून, मध्ये एक काट्याचं कुंपण. तिचा नवरा रंगारी, तो तरणाताठा असतानाच गेला. लेकरू नव्हतं. दीर म्हणाले, आता माहेरी जा. ही भट्टीवरचा तांब्याचा हंडा धरून बसली आणि म्हणाली, "मले पाठवता तं हंड्यासकट पाठवा." हंडा उचलायला चार माणसं लागत होती. दिरांनी नाद सोडला.

ती एकच रंग करायची, आलीचा लाल. आल म्हणजे एक झुडूप. त्याच्या मुळीत रंग असतो. त्या रंगाचं जाडंभरडं कापड म्हणजे खारवा. आमच्या काळ्या मातीत तेव्हा आल पुष्कळ व्हायची. सारखी त्या रंगात बुडून तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते, बाराही महिने. अंगावर विधवेचं पांढरं लुगडं आणि हात असे. लग्नाकार्यात बायका त्या हातांकडे बघून कुजबुजायच्या, म्हणून ती मागच्या ओळीत हात पदराखाली घेऊन बसायची. मला फार वाईट वाटायचं ते. पण घरी आली की तीच म्हणायची, "कपायाचं कुंकू देवानं नेलं, हाताचं त्याच्या बापाच्यानं नाई निघत!" आणि स्वतःच खदखदून हसायची.

खारव्याचं काम रंगापेक्षा रंगाच्या आधीच जास्त असतं. कापडाचा कोरा ताका धुवायचा, एरंडीच्या तेलात नि पापडखाराच्या पाण्यात नांदेत घालून पायांनी तुडवायचा, उन्हात वाळवायचा, पुन्हा तेलात, पुन्हा तुडवणं. असं वीस-पंचवीस दिवस चालायचं. तेव्हा कुठं कापड रंग धरायला तयार व्हायचं. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारीला वेड लागलं, नुसती तेलात नाचून राहिली. "लोकाईले वाटते रंग हंड्यात असते," ती म्हणायची. "हंड्यात काय हाये? रंग तं पायात असते."

आणि तुडवायला माणसं कुठून आणायची ते तिला बरोबर माहीत होतं. आळीत कुठं भांडण झालं, आवाज चढला, की ही कुंपणावरून ओरडायची, "राग आला का? मंग वाया काहून घालवता? या इकडं, तुडवा!" लोक आधी चिडायचे. मग जायचे. माझी बायको सुभद्रा एकदा माझ्या आईशी भांडून तणतणत गेली आणि दिवस मावळेपर्यंत दोन ताके तुडवून आली. पाय एरंडीच्या तेलानं मऊसूत, तोंडात गाणं. आईनं ते पाहिलं. पुढच्या भांडणाला सून पोचायच्या आत सासूच जाऊन नांदेत उभी! गिरजामायनं दोघींनाही घेतलं आत. सासू-सुना समोरासमोर, एकमेकींचे खांदे धरून, तेलात घसरत. मी कुंपणावरून बघितलं आणि गपचूप वांगी तोडायला गेलो.

तिच्या घरात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एक दोरी होती आणि तिच्यावर वीतभर चिंध्या टांगलेल्या. कुठं विटकरी, कुठं जांभळट, कुठं नुसती मळकी. दर वेळी हंडा लावायच्या आधी ती एका चिंधीवर रंग करून बघायची. पण दोरीवर एकही धड लाल चिंधी नव्हती. मी म्हटलं, "माय, चांगल्या कुठं हायेत?" म्हणाली, "चांगल्या काहून ठेवू? त्या जमल्या. ज्या नाई जमल्या त्याईच्यापाशी इचारा लागते." प्रत्येक चिंधीच्या टोकाला गाठी मारलेल्या असत. एक गाठ म्हणजे तुरटी कमी पडली, दोन म्हणजे आग जास्त झाली, तीन म्हणजे मुळी कोवळी. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चुकांची अशी हिशेबशीर दोरी मी नंतर कोणा शिकलेल्याकडेही पाहिली नाही. स्वतःच्या चुका आपण सगळे झाकतो. ही त्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागतील अशा टांगायची.

मी सांगतो तो काळ कापसाचा. सात समुद्रापलीकडं कुठं लढाई जुंपली होती म्हणे, तिथला कापूस विलायतेला पोचेना, म्हणून आमच्या काळ्या मातीचं नशीब फळफळलं. अमरावतीच्या बाजाराला गाड्यांची अशी रांग लागायची की मागच्या गाडीवाल्यानं भाकर खाऊन झोप काढावी तरी चाक हलत नसे. काल चिंचेखाली बसणारी माणसं आज जरीचा फेटा बांधून फिरू लागली. कोणी बैलाच्या शिंगांना चांदी चढवली, कोणी गाडीच्या चाकाला. आणि सगळ्यांना सगळं आत्ताच पाहिजे होतं.

असेच एक दर्यापुराकडचे पाटील गिरजामायच्या दारात आले. नाव सांगत नाही, नातवंडं भली माणसं आहेत. पोळा आठ दिवसांवर आला होता आणि पाटलांना बारा बैलांसाठी लाल खारव्याच्या झुली पाहिजे होत्या. गिरजामाय म्हणाली, "दोन महिने लागतीन."

"दोन महिने? पोळा सोमवारी हाये!"

"मंग पुढच्या वर्साच्या पोळ्याले घ्या. बैलाले घाई नाई पाटील, तुमाले काहून?"

पाटील संतापले. लागेल ते देतो म्हणाले. तिनं विचारलं, "देल्यानं तेल लवकर मुरते का?" पाटील तणतणत अमरावतीला गेले आणि तिथं कोण्या रंगाऱ्याकडून चार दिवसांत झुली करून आणल्या. त्यानं त्या पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाच्या पाण्यात काढल्या होत्या. पतंगाचा लाल दिसायला आलीपेक्षाही भडक, पण धरत नाही, पाणी लागलं की सुटला. पोळ्याच्या दिवशी वाजतगाजत मिरवणूक निघाली आणि वेशीपाशी धो धो पाऊस आला. पाटलांचे बाराही बैल पांढरे शुभ्र होते. घरी परतले ते गुलाबी! दसऱ्यापर्यंत पंचक्रोशीतली पोरं ते बैल बघायला यायची म्हणतात.

पाटील पुन्हा गिरजामायकडं आले, मान खाली घालून. मला वाटलं आता ही त्यांना फाडून खाते. ती हसलीसुद्धा नाही. आतून ओंजळभर रिठे आणून दिले. म्हणाली, "कोमट पान्यात घासा. हळू घासा, मुक्या जनावराचा काई दोष नाई." आणि पुढच्या पोळ्याच्या झुलींचं कापड ठेवून घेतलं.

आता माझ्या लायकीची गोष्ट सांगायची वेळ आली. टाळता आली असती तर टाळली असती.

आल पेरली की तीन पावसाळे जमिनीत ठेवावी लागते. तीन वर्षं त्या रानात दुसरं काही येत नाही. मुळी खाली खाली जाते, कमरेइतकी, आणि खरा रंग त्या खालच्या बारीक मुळ्यांत असतो. आजूबाजूचे सगळे कापूस विकून चांदीची कडी घालू लागले तेव्हा लोकांनी आलीची रानं धडाधड मोडली. कोणी दोन वर्षांची खोदली, कोणी एका वर्षाची उपटून फेकली. गावाबाहेर कोसभरावरच्या शेतात माझी दोन एकर आल होती, दुसरा पावसाळा झालेली. गिरजामायनं बी देताना मला म्हटलं होतं, "म्हाद्या, ही तुह्यी आल मले तिसऱ्या वर्साले पायजे. तवापावतर दुसऱ्याईच्या आलीवर भागवतो." मी मान डोलावली होती. पण दुसऱ्यांची आल राहिलीच नाही. आणि मला रोज रस्त्यानं जाणाऱ्या कापसाच्या गाड्या दिसत होत्या.

सुभद्रा म्हणाली, "अवो, बुढीले जबान देली तुमी." मी म्हटलं, "मुळी ते मुळी. दोन वर्साची काय नि तीन वर्साची काय, उखळात कांडल्यावर कोन वयखते?"

आमच्याकडं रीत अशी की आल खोदायच्या दिवशी ज्या रंगाऱ्याकडं ती जायची त्याला शेतात बोलवायचं, पहिली मुळी त्याच्या हातून काढवायची आणि बांधावर बसवून भाकर घालायची. मी गिरजामायला बोलावलं नाही. होळीच्या आधी चार मजूर लावून दोन दिवसांत रान खोदून टाकलं आणि मुळ्यांची गाडी तिच्या दारात नेऊन उभी केली. म्हटलं, "माय, तिसऱ्या वर्साची हाये."

पेरणीचा हिशेब तिला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता, आणि तरी मी हे तोंडावर बोललो! लोभानं माणूस नुसता खोटा होत नाही, मूर्खही होतो. तिनं एक मुळी उचलली, मोडली, चावली, थुंकली. मग एवढंच विचारलं, "भाकरीले काहून नाई बोलावलं रे?" मी म्हटलं, घाईत राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेतात ढेकळं फोडत होतो तर बांधावरून ती येताना दिसली. तोवर तिच्या डोळ्यांवर पडदा आला होता. माणूस आहे की झाड एवढं कळायचं, रंग तर बिलकुल नाही. काठीनं चाचपडत, कोसभर उन्हात ती एकटी आली होती. काठी बाजूला ठेवून एका खड्ड्यात उतरली. खड्डा तिच्या गुडघ्याशी आला. दुसऱ्यात उतरली, तोही गुडघ्याशी. तिसऱ्यात उतरली. मग बांधावर जाऊन बसली, कमरेची पुरचुंडी सोडली आणि स्वतःच्या घरून बांधून आणलेली भाकर मिरचीच्या ठेच्याशी खाल्ली. अर्धी मोडून माझ्यापुढं धरली.

मी ती हातात धरून उभा राहिलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रडू यायला लागलं, गडी माणूस असून. ती म्हणाली, "रडू नको. उद्यापासून कांडाले ये. कवळी खोदली तुवा, आता कवळीतून रंग काढू. निंघते का पाहू."

पण तिची अडचण माझ्या लाजेपेक्षा मोठी होती. बंजाऱ्यांचा एक तांडा दर वैशाखात मोर्णेच्या पलीकडच्या काठाला उतरायचा. मीठ-धान्याचे बैल घेऊन ते देशभर फिरायचे आणि वर्षभराचा खारवा गिरजामायकडूनच न्यायचे, घागऱ्यांना, बैलांच्या गोण्यांना. नायकाची बायको रूपली, ती कापड अंगठा ओला करून घासून बघायची. इतक्या वर्षांत तिच्या अंगठ्याला गिरजामायचा रंग कधी लागला नव्हता. या वर्षी चाळीस ताके सांगितले होते, आणि ते चाळीसही तेल पिऊन, वाळून तयार होते. तसं कापड उन्हाळ्यात ठेवून देता येत नाही. घडीच्या आत तापतं आणि करपून जातं. म्हणजे पुढच्या वर्षीच्या आलीची वाट बघायची सोय नव्हती. रंग आत्ताच द्यायचा, आणि मुळी माझी ही असली. रंग सुटला तर तांडा दुसऱ्या रंगाऱ्याच्या दारात जाणार होता. तिला दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. बाकीच्यांना तोवर आठ दिवसांत मिळणाऱ्या पतंगाच्या लालाची चटक लागली होती.

मी आणि सुभद्रा महिना-दीड महिना तिच्याकडं राबलो. जाड मुळ्या तिनं फेकून द्यायला लावल्या, नुसत्या बारीक निवडायच्या. त्या कांडून, हंड्यात घालून, मंद आगीवर. पहिली चिंधी विटकरी आली. दुसरी काळपट. रंग तिला दिसत नव्हता, तो मी सांगायचो, आणि चिंधी हुंगून, जिभेला लावून काय चुकलं ते ती सांगायची. दोरीवरच्या जुन्या गाठी बोटांनी चाचपायची. "हे माह्या सासऱ्याच्या वक्ताची, तवाबी मुळी कवळी होती. थो धायटीचे फुलं टाकत होता म्हनते." धायटीची फुलं आणायला मी दोन दिवस डोंगराकडं पायपीट केली. ती टाकली, चिंधी जरा उजळली. तुरटी वाढवली. आग कमी केली. एकविसाव्या की बाविसाव्या चिंधीला मी कंटाळलो. म्हटलं, "माय, चिमूटभर पतंग टाकू ना. रूपलीले काय समजते?"

ती चिडली नाही. म्हणाली, "रूपलीले नाई समजनार. पन सकाळी उठून मी कोनतं काम करू मंग?"

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. मी उखळाशी जाऊन बसलो.

शेवटी एक चिंधी धड लाल आली. माझ्या डोळ्यांना तरी आली. मग पहिला ताका हंड्यात गेला, दिवसभर शिजला, रात्रभर थंड झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो नदीवर नेला. आदल्या संध्याकाळीच तांडा पलीकडं उतरला होता. बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. वैशाखात मोर्णा बारीक होते, एका खडकाजवळ तेवढी वाहती धार राहते. गिरजामाय त्या धारेत उभी राहिली, ताका पाण्यात सोडला, आपटला, पिळला, पुन्हा सोडला. खऱ्या आलीचं असं असतं की पहिल्या दोन-चार धुण्यांत मुळीचा चोथा निघून जातो आणि मग कापडाखालचं पाणी नितळ वाहतं. तिनं सात-आठ वेळा कापड खंगाळलं. मग वाकून उभी राहिली आणि म्हणाली, "म्हाद्या, पानी सांग."

मी बघितलं. पाणी लाल होतं. भडक नव्हे, पण लाल. धारेबरोबर एक लाल रेघ खडकाला वळसा घालून चालली होती.

खरं सांगतो, 'नितळ हाये माय' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. म्हातारीला दिसत नव्हतं. कापड देखणं दिसत होतं. रूपलीच्या अंगठ्याला फार तर फिकट डाग लागला असता, तिनंही चालवून घेतलं असतं कदाचित. सगळ्यांची सुटका झाली असती, माझी सगळ्यात आधी. एकदा खोटं बोललेल्या माणसाला दुसऱ्यांदा सोपं जातं. पण ती तशीच वाकून, कान माझ्याकडं करून उभी होती. गुडघाभर खड्डे स्वतःच्या पायांनी मोजून आलेली ही बाई, आणि पाणी मलाच विचारत होती! दुसरं कोणी नव्हतं म्हणून विचारलं असेल. तरी विचारलं तर खरं.

"लाल हाये, माय," मी म्हणालो.

"किती?"

"पातळ. पन हाये."

तिनं ताका पाण्याबाहेर ओढला. मग ओल्या ताक्याची घडी करून खांद्यावर टाकली आणि भट्टीकडं न जाता पाण्यातून पलीकडच्या काठाकडं निघाली. मी म्हटलं, "माय, कुठं?" म्हणाली, "वाट पाहून राहिले ते लोकं. त्याईले सांगाले नको?"

रूपली बैलांना पेंड घालत होती. गिरजामायनं तिच्यापुढं खांदा केला. "घास अंगठा." रूपलीनं अंगठा ओला करून घासला, बघितला, आणि तिचं तोंड उतरलं. "ये क्या, माय? तेरा रंग तो कभी नहीं छूटा."

"मुळी कवळी होती. दोन खेपा अजून शिजवा लागन. पंधरा दिवस. अन् चाळीस नाई होनार. मुळी लय लागून राहिली. चवदा होतीन."

"पंधरा दिन में बारिश आ गई तो? बैल नदी कैसे उतरेंगे?" रूपली कडाडली. "कवळी मुळी ली क्यूं तूने?"

गिरजामाय म्हणाली, "चुकलं माह्यं." बस्स. माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडं मान वळवली नाही.

मला ते सहन होईना. मी पुढं होऊन म्हणालो, "तिनं नाई वो. आल माह्यी होती. म्याच कवळी खोदली. कापूस पेराले."

रूपलीनं मला पायापासून फेट्यापर्यंत बघितलं. तिच्या तोंडावर आलेली शिवी मी डोळ्यांनी पाहिली. ती तिनं गिळली, आणि मागं वळून कोणाला तरी सांगितलं, तांडा उद्या पुढं जाऊ दे, माझे दोन बैल इथं बांध. मग गिरजामायला म्हणाली, "रुकती हूं मैं. और इसको बोल, लकडी फोडे."

ते चौदा ताके झाले. नितळ झाले. रूपली पंधराव्या दिवशी, पहिला ढग दिसायच्या आत, दोन बैलांवर लादून घेऊन गेली. उरलेले सव्वीस आम्ही रिठ्यानं धुऊन कोरे विकले. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. गिरजामाय पुढं दोन पावसाळे जगली, आणि रूपली दोन्ही वैशाखांत आली. पण मला ती आठवते ती त्या सकाळची, तांड्यावरून परत येतानाची.

ती पुढं होती, मी मागं. ओला ताका तिच्या खांद्यावर होता आणि त्याचा कच्चा रंग गळून गळून तिच्या पांढऱ्या लुगड्यात उतरला होता. खांद्यापासून टाचेपर्यंत तिची सगळी पाठ लाल झाली होती. तिला ओल लागत असणार, रंग दिसत नव्हता. घाटावर पाणी भरायला बायकांची गर्दी. लाल लुगड्यातली विधवा त्यांच्यामधून चालली होती. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. तोंडाला पदर गेले. कोणीतरी हलकेच 'नवरी' म्हणालं, आणि दबलेलं हसू पायऱ्यांवरून वरपर्यंत गेलं. मला त्या घागरी फोडाव्याशा वाटल्या.

गिरजामाय थांबली. मागं वळली नाही.

"म्हाद्या," ती म्हणाली, "कोनी हासून राहिलं का?"

"नाई, माय," मी म्हणालो. "कोनी नाई हासलं."

"हासले असतीन," ती म्हणाली. "चाल लवकर, भट्टी इझन." आणि काठीनं पुढची पायरी चाचपून ती चढायला लागली.